खात्याचा पासवर्ड वेगळा, पीएसटी फाईलचा वेगळा

जुन्या मेलची पीएसटी फाईल (मायक्रोसॉफ्टचं मेल सॉफ्टवेअर आउटलुक मेल साठवतं ती फाईल) नव्या लॅपटॉपवर आणली, आउटलुकमध्ये उघडायला गेलं की चौकट येते: या डेटा फाईलचा पासवर्ड द्या. लोक ईमेलचा पासवर्ड टाकतात, तो चालत नाही. मग खात्याचा पासवर्ड रीसेट करतात, नवा टाकतात, आणि तोही चालत नाही. चालणारच नाही, कारण विचारलेला पासवर्ड तो नव्हेच.

खात्याचा पासवर्ड सर्व्हर तपासतो. विसरलात तर मोबाइलवर कोड येतो किंवा ऑफिसचा ॲडमिन नवा करून देतो. पीएसटीचा पासवर्ड मात्र त्या फाईलमध्येच असतो. सर्व्हरला त्याची गंधवार्ताही नसते, म्हणून मायक्रोसॉफ्टही तो बदलून देऊ शकत नाही.

मग जुन्या मशीनवर तो कधी विचारला कसा नाही? तिथे ‘पासवर्ड लक्षात ठेवा’वर टिक केलेली असते. ते मशीन अजून चालू असेल तर काम सोपं आहे: तिथेच आउटलुक उघडा, नवी पीएसटी तयार करा, सगळे फोल्डर तिच्यात कॉपी करा आणि पासवर्डची जागा रिकामी सोडा. मशीन भंगारात गेलं असेल तर आधी त्या काळातला खात्याचा पासवर्ड टाकून बघा. एक्स्पोर्ट करताना आउटलुक पासवर्ड विचारतं, तो ऐच्छिक असतो, पण घाईत अनेक जण तिथे नेहमीचाच टाइप करतात.

तोही लागला नाही तरी घाबरू नका, कारण पीएसटीचा पासवर्ड म्हणजे नुसती कडी आहे. फाईलमध्ये पासवर्ड जसाच्या तसा नसतो, त्यावरून गणिताने काढलेला 32 बिटांचा तपासणी-आकडा (सीआरसी) असतो. असे आकडे जेमतेम 429 कोटी, आणि 15 अक्षरांपर्यंतचे पासवर्ड त्याहून कितीतरी जास्त. म्हणून एकाच आकड्याला अनेक पासवर्ड जुळतात आणि त्यातला कुठलाही चालतो. निरसॉफ्टचं ‘पीएसटीपासवर्ड’ हे फुकट टूल एका फाईलसाठी तीन-तीन पासवर्ड दाखवतं, ते याचमुळे. शिवाय आतला मजकूर या पासवर्डने कूटबद्ध (एन्क्रिप्ट) झालेलाच नसतो. पासवर्ड विचारतं ते आउटलुक; लिबपीएसटी या टूल-संचातलं ‘रीडपीएसटी’ तो न विचारताच मेल बाहेर काढतं.

हे सगळं फाईल तुमची असेल तरच, आणि तिची कॉपी घेऊन करा. ‘पीएसटी अनलॉक करून देतो’ म्हणणाऱ्या साइटवर फाईल अपलोड करू नका. बँकेची स्टेटमेंट्स, पॅन, पगाराच्या स्लिपा असं सगळं त्यात असतं.

पण तीच पीएसटी कुणी 7-झिप या झिप करायच्या सॉफ्टवेअरमध्ये एईएस-256 हे पक्कं एन्क्रिप्शन लावून बंद केली असेल, तर मजकूर खरोखरच कूटबद्ध असतो. तिथे मूळ पासवर्डच लागतो. तो आठवेना, तर दुसरीकडे कुठे बॅकअप आहे का ते शोधा.