सदाफुली आणि अडीच वर्षांचा हिशेब

"झील तर खेळता हा, मगे आता औषधा कित्याक?"

रक्ताच्या कॅन्सरवर उपचार घेत परळच्या टाटा हॉस्पिटलात महिना-दोन महिने काढून पोर सिंधुदुर्गात घरी येतं, गालांवर रंग चढतो, अंगणात कोंबड्यांमागे धावायला लागतं, आणि आजी हा प्रश्न विचारते: मुलगा तर खेळतोय, मग आता औषधं कशाला? प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. उत्तर आकड्यांत आहे.

लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, थोडक्यात ए.एल.एल. दोन ते पाच वर्षांच्या मुलांत तो जास्त दिसतो. हाडांच्या आतल्या मगजात पांढऱ्या पेशी तयार होतात. इथे त्या पिकायचंच विसरतात. कच्च्या पेशींनी मगज भरून गेला की तांबड्या पेशींना आणि प्लेटलेटना जागा उरत नाही. पोर पांढरंफटक पडतं, अंगावर निळे डाग उठतात, पाय दुखतात म्हणून रात्री रडतं, ताप हटत नाही. कोकणात पावसाळ्यात ताप आणि प्लेटलेट कमी म्हटलं की आधी डेंग्यू किंवा लेप्टो आठवतो, आणि तसं आठवणं बरोबरच आहे. मात्र ताप आठवडा उलटूनही रेंगाळला, तर रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवी. (आईने काय खाल्लं, कुणाची नजर लागली, याचा इथे काही संबंध नाही. गाऱ्हाणं घालायचं तर घाला, फक्त हॉस्पिटलला जायची गाडी चुकवू नका.)

आता हिशेब. निदान होतं तेव्हा अंगात साधारण एक लाख कोटी रोगट पेशी असतात. पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या औषधांनी त्यातल्या ९९ टक्के मेल्या, तरी हजार कोटी उरतात. एवढ्या पेशी सूक्ष्मदर्शकाला सापडतीलच असं नाही. रिपोर्ट चांगला येतो, पोर खेळतं, आणि मगजात बी शिल्लक असतं. दहा हजारांत एक रोगट पेशी हुडकणाऱ्या तपासण्या आता आहेत. पण त्यात काही दिसलं नाही, तरी उपचार दोन-अडीच वर्षं चालतातच. त्यातला बराच काळ घरच्या गोळ्यांचा: एक रोज, आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून वार ठरवून कॅलेंडरवर खूण करतात. आज श्रीमंत देशांत या आजाराची दहातली नऊ मुलं वाचतात, ती याच चिकाटीवर. मेथोट्रेक्सेटच्या कुळातल्या औषधांमागे आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव होते, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असतं.

दुसरं औषध तर अंगणातच उभं असतं. तुळशीवृंदावनाशेजारची सदाफुली. मधुमेहावरचा गावठी उपाय म्हणून तिची पानं १९५० च्या दशकात कॅनडात तपासली गेली. साखर काही उतरली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. पुढे तिच्यातूनच व्हिंक्रिस्टिन मिळालं. एका ग्रॅमला अर्धा टन किंवा त्याहूनही जास्त वाळलेली पानं लागतात, आणि पोराच्या एका डोसात एक-दीड मिलिग्रॅम पुरतं. म्हणून पानांचा काढा पाजणं हा उपाय नव्हे; त्यात किती विष जातंय ते कुणालाच कळणार नाही.

पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांचे दोर ताणले जातात. व्हिंक्रिस्टिन त्या नळ्या उभ्याच राहू देत नाही, पेशी अर्ध्यात अडकून मरते. पण तशाच नळ्या नसांतही असतात. त्यांच्यावरून नसांचा माल टोकापर्यंत जातो. सर्वांत लांब नसा पायांच्या, म्हणून त्रास आधी तिथे. कालपर्यंत धावणारं पोर चिऱ्याच्या पायरीवर अडखळतं, पाऊल घासत चालतं, 'उचलून घे' म्हणतं. घरातले समजतात, आजारपणात लाडावलंय. लाडावलेलं नसतं. हे डॉक्टरांना सांगायचं असतं. डोस कमी करता येतो, आणि औषध थांबल्यावर बहुतेक मुलांच्या नसा हळूहळू, महिन्या-महिन्यांनी, सावरतात.