सार्वजनिक नीतिमत्तेविषयीचे लोकमत (कोल्हापूर)

कोल्हापूर शहर व जिल्ह्यातील लोकप्रतिनिधी आणि सरकारी अधिकारी यांच्या सचोटीबद्दल लोकांमध्ये असलेली मते, तसेच ती व्यक्त करण्याच्या तिथल्या रीती. ही मते पेठांतल्या तालमी, तरुण मंडळे, रिक्षा थांबे आणि गावोगावच्या दूध संस्थांमध्ये घडतात. बिंदू चौक, दसरा चौक किंवा गांधी मैदानातल्या सभेत ती उघड होतात. मतपेटीपेक्षा मोर्चा आणि धरणे यांतून कोल्हापूरकर अधिक स्पष्ट बोलतात.

कारभाऱ्यांना लावायची पट्टी बहुधा राजर्षी शाहू महाराजांची (कारकीर्द १८९४–१९२२) असते. मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवणारा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा, राधानगरी धरण, वसतिगृहे यांचे दाखले प्रत्येक भाषणात येतात. ज्यांच्या कारभारावर लोक नाराज असतात तेही हेच दाखले देतात, हा भाग वेगळा. अलीकडच्या काळात असा मान एन. डी. पाटील (मृत्यू २०२२) यांना मिळाला. सहकारमंत्री राहिलेला हा शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) नेता साधेपणाने राहिला, एवढ्यावर विरोधी पक्षांचे कार्यकर्तेही त्यांच्या शब्दाला मानत.

या लोकमताचा सर्वांत मोठा आविष्कार म्हणजे टोलविरोधी आंदोलन. शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर आयआरबी कंपनीला देण्यात आले होते आणि वसुलीची मुदत ३० वर्षांची होती. अर्धवट रस्ते, कामाचा दर्जा आणि टेंबलाईवाडीचा कंपनीला दिलेला भूखंड यांवरून तक्रारी सुरू झाल्या. पण लोकांना जास्त झोंबले ते असे, की शहर गहाण टाकणारा करार सह्या होईपर्यंत कोणी नीट समजावूनच सांगितला नव्हता. एन. डी. पाटील आणि कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्या पुढाकाराने सर्वपक्षीय कृती समिती उभी राहिली आणि ‘देणार नाही, देणार नाही, टोल आम्ही देणार नाही’ ही घोषणा घरोघरी पोहोचली. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये उपोषण सोडवताना जिल्ह्यातल्या मंत्र्यांनी टोल बंद होईल असे सांगितले, तरी वसुली चालूच राहिली; तेव्हा जमावाने नाके पेटवले. जाळपोळीबद्दल नापसंती होतीच, पण दिलेला शब्द फिरवल्याचा राग त्याहून मोठा होता. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत जिल्ह्यातील १० पैकी ६ जागा शिवसेनेने जिंकल्या. टोल हे त्यामागचे एक कारण मानले जाते. अखेर डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द केल्याचे जाहीर केले.

महापालिकेबद्दलचे मत याहून कडवट आणि जास्त सरावलेले आहे. कंत्राटातली टक्केवारी, आरक्षित जागा, घरफाळ्यातली (घरपट्टीतली) सवलत यांबद्दल चहाच्या गाड्यावर ‘ढपला पाडला’ (गैरमार्गाने पैसा खाल्ला) असे हसत बोलले जाते. जानेवारी २०१५ मध्ये १६ हजार रुपयांच्या लाचेच्या आरोपावरून तत्कालीन महापौरांवर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने कारवाई केली. रक्कम किरकोळ म्हणून कोणी सोडून दिले नाही. राजीनाम्याची मागणी झाली आणि तो लगेच न आल्याने शहराची नाचक्की झाल्याची भावना पसरली. मात्र गटार तुंबल्यावर धावून येणाऱ्या नगरसेवकाला त्याच वॉर्डात बरेच काही माफ असते, हेही खरे. नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपून प्रशासक आल्यावर रोख अधिकाऱ्यांकडे वळला: खड्डे आणि पाणी यांसाठी जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न तेव्हा वारंवार पुढे आला.

ग्रामीण भागात कसोटी लागते ती सहकारात. गोकुळ दूध संघाला बहुराज्य दर्जा देण्याच्या हालचालींना सभासदांतून तीव्र विरोध झाला आणि मे २०२१ च्या निवडणुकीत विरोधी आघाडीने २१ पैकी १७ जागा घेऊन दीर्घकाळची सत्ता उलथवली. तरीही इथे मतदानाचा हक्क संस्थांच्या ठरावधारकांनाच, म्हणजे गावच्या दूध संस्थेने ठराव करून नेमलेल्या प्रतिनिधींनाच असतो. त्यांना निवडणुकीआधी सहलीवर नेण्याच्या प्रथेबद्दल सामान्य दूध उत्पादक नाराजीने बोलतो. ती प्रथा चालवणाऱ्यांत त्याच्याच गावचे पुढारी असतात.