महाविद्यालयातील विद्यार्थी प्रतिनिधित्व आणि संघटना: बेळगाव सीमाभागातील विद्यार्थ्यांसाठी पात्रता, कागदपत्रे व अर्जाची पद्धत

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील विद्यार्थ्याला महाविद्यालयाच्या प्रतिनिधी मंडळात किंवा एखाद्या विद्यार्थी संघटनेत काम करायचे असेल, तर त्याने सर्वांत आधी आपले महाविद्यालय कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे हे पाहावे. घर कोणत्या राज्यात आहे, याला येथे महत्त्व नाही. निपाणीला अगदी लागून असलेल्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात येते आणि ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यामुळे निपाणीत, म्हणजे कर्नाटकात, राहून तेथे शिकणाऱ्या विद्यार्थ्याला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ लागू होतो. त्याच गल्लीतील त्याचा मित्र बेळगावच्या महाविद्यालयात जात असेल, तर त्याला कर्नाटक राज्य विद्यापीठ अधिनियम, २००० आणि भूतरामहट्टी येथील राणी चन्नम्मा विद्यापीठाचे नियम लागू होतात. हे विद्यापीठ २०१० मध्ये स्थापन झाले आणि त्यापूर्वी येथील महाविद्यालये धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती. अभियांत्रिकीचे विद्यार्थी यांपैकी कोठेच मोडत नाहीत. त्यांच्यासाठी १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे नियम पाहावे लागतात, आणि त्याचे मुख्यालयही बेळगावातच आहे.

निवडणूक की नेमणूक

कर्नाटकात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून महाविद्यालयीन निवडणुका प्रत्यक्ष मतदानाने घेण्याची पद्धत बंद झाली. त्यामुळे बेळगावच्या बहुतेक महाविद्यालयांत वर्गप्रतिनिधी, जिमखान्याचे पदाधिकारी आणि जनरल सेक्रेटरी यांची निवड गुणवत्ता, हजेरी आणि क्रीडा किंवा सांस्कृतिक क्षेत्रातील कामगिरी पाहून प्राचार्य व प्राध्यापकांची समिती करते. पदांची नावे आणि निवडीचे निकष महाविद्यालयागणिक बदलतात, म्हणून प्रवेशाच्या वेळी हाती पडणारे माहितीपत्रक जपून ठेवावे आणि त्यातील विद्यार्थी कल्याण व जिमखान्याविषयीचे पान नीट वाचावे. नेमणूक असली तरी अर्ज करावा लागतोच. ‘सर आपणहून नाव घेतील’ या भरवशावर राहणाऱ्या विद्यार्थ्याचे नाव सहसा कोणी घेत नाही. प्राचार्यांच्या नावे एक पानाचा अर्ज लिहावा, त्यात मागील परीक्षेचे गुण, हजेरीची टक्केवारी आणि आतापर्यंत केलेले काम थोडक्यात नमूद करावे, सोबत पुरावे जोडावेत आणि कार्यालयात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा. पुढे काही वाद उद्भवला, तर अर्ज वेळेत दिल्याचा पुरावा म्हणून ही शिक्क्याची प्रतच उपयोगी पडते.

शिवाजी विद्यापीठाच्या बाजूला २०१६ च्या अधिनियमातील कलम ९९ मध्ये विद्यार्थी परिषदेची रचना दिलेली आहे. महाविद्यालयीन परिषदेत वर्गप्रतिनिधी असतातच, त्यांच्याबरोबर राष्ट्रीय सेवा योजना, एनसीसी, क्रीडा आणि सांस्कृतिक क्षेत्रांतील विद्यार्थ्यांनाही स्थान आहे, तसेच महिला प्रतिनिधी आणि मागासवर्गीय प्रतिनिधीची तरतूद आहे. म्हणजेच ज्याला वर्गातून निवडून येण्याची खात्री नाही, पण जो शिबिरे आणि स्पर्धांत मनापासून उतरतो, त्यालाही परिषदेचा रस्ता खुला आहे.

प्रत्यक्ष निवडणूक जेथे होते, तेथे लिंगडोह समितीच्या शिफारशी पाळाव्या लागतात. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या अध्यक्षतेखालील या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २००६ मध्ये मान्य केल्या. त्यांनुसार पदवीच्या विद्यार्थ्याचे वय १७ ते २२ वर्षांच्या दरम्यान असावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यासाठी वयाची मर्यादा २४ ते २५ वर्षे आणि संशोधक विद्यार्थ्यासाठी २८ वर्षे आहे. चार-पाच वर्षांच्या व्यावसायिक अभ्यासक्रमांना यात सवलत देता येते. उमेदवार पूर्णवेळ नियमित विद्यार्थी असावा, दूरशिक्षणाचा नसावा. निवडणुकीच्या वर्षी त्याचा एकही विषय राहिलेला नसावा. त्याची हजेरी ७५ टक्के किंवा विद्यापीठाने ठरवलेली, यांपैकी जी जास्त असेल तितकी असावी. त्याच्यावर गुन्ह्याची नोंद किंवा विद्यापीठाची शिस्तभंगाची कारवाई झालेली नसावी. पदाधिकारी होण्यासाठी एकदाच आणि कार्यकारिणी सदस्य होण्यासाठी दोनदाच उभे राहता येते. प्रचाराचा खर्च ५,००० रुपयांच्या पुढे नेता येत नाही आणि निकालानंतर दोन आठवड्यांत त्याचा हिशेब द्यावा लागतो. छापील पोस्टरला मनाई असून हाताने तयार केलेली पोस्टर ठरवून दिलेल्या जागीच लावता येतात.

याच आचारसंहितेतील एक कलम आपल्या भागात अधिक काळजीने वाचावे असे माझे मत आहे. जाती, धर्म किंवा भाषा यांच्या आधारे गटागटांत तेढ वाढेल असे कोणतेही कृत्य उमेदवाराने करू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मराठी विद्यार्थ्यांनी मराठीत प्रचार करण्यास किंवा मराठी ग्रंथांची मागणी करण्यास यामुळे बाधा येत नाही; मात्र सीमाप्रश्नावरची बाहेरची आंदोलने महाविद्यालयाच्या निवडणुकीत आणली, तर उमेदवारी रद्द करण्याची मागणी करायला प्रतिस्पर्ध्याला आयते निमित्त मिळते.

ज्या जागा मागितल्या जात नाहीत

जनरल सेक्रेटरीच्या पदाकडे सर्वांचे लक्ष असते, पण कायद्याने विद्यार्थ्यांसाठी ठेवलेल्या काही जागांची माहितीच अनेकांना नसते. महाविद्यालयाच्या अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षात, म्हणजे आयक्यूएसीमध्ये, विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी घेतला जातो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी विनियमांनुसार रॅगिंगविरोधी समितीत नव्या आणि जुन्या अशा दोन्ही विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावे लागतात. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या अंतर्गत समितीबाबत आयोगाचे २०१५ चे विनियम सांगतात की, प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत तीन विद्यार्थी सदस्य असावेत आणि ते पारदर्शक लोकशाही पद्धतीने निवडलेले असावेत. विद्यार्थी तक्रार निवारण समितीवरही एक विद्यार्थी प्रतिनिधी असतो. त्याची निवड अभ्यासातील गुणवत्ता, क्रीडा किंवा सहशैक्षणिक कामगिरीवरून होते.

या जागांना स्नेहसंमेलनाच्या सचिवपदासारखा झगमगाट नसतो. परंतु नियम कसे वाचावेत, बैठकीचे इतिवृत्त कसे लिहावे आणि वरिष्ठांसमोर मतभेद सभ्यपणे कसा मांडावा हे शिकायचे असेल, तर माझ्या मते यांच्यासारखी दुसरी जागा नाही. वर्षाच्या सुरुवातीलाच प्राचार्यांकडे लेखी अर्ज करून, या समित्यांवर यंदाचे विद्यार्थी सदस्य कोण आहेत आणि जागा रिक्त असल्यास आपला विचार व्हावा, असे विचारण्यात काहीही गैर नाही.

राष्ट्रीय सेवा योजना आणि एनसीसी

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. प्रवेश साधारणपणे पहिल्या वर्षी होतो. कार्यक्रम अधिकाऱ्याकडे नाव नोंदवावे लागते आणि आता केंद्र सरकारच्या ‘माय भारत’ संकेतस्थळावरही नोंदणी करावी लागते. दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे एक विशेष शिबिर, एवढे पूर्ण केले की प्रमाणपत्र मिळते. तासांची नोंद स्वयंसेवकाच्या डायरीत वेळच्या वेळी करून घ्यावी. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी सगळ्या तारखा आठवून लिहायला बसले की हिशेब जुळत नाही.

एनसीसीत महाविद्यालयीन मुलांसाठी सीनियर डिव्हिजन आणि मुलींसाठी सीनियर विंग असते. बेळगावची महाविद्यालये कर्नाटक व गोवा संचालनालयाकडे, तर अर्जुननगर किंवा चंदगडकडील महाविद्यालये महाराष्ट्र संचालनालयाकडे येतात. नावनोंदणीच्या अर्जासोबत पालकांची संमती, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला, जन्मतारखेचा पुरावा आणि विद्यार्थ्याच्या नावावरील बँक खात्याचा तपशील लागतो. ‘बी’ प्रमाणपत्राची परीक्षा दुसऱ्या वर्षी आणि ‘सी’ प्रमाणपत्राची तिसऱ्या वर्षी असते. परेडची ७५ टक्के हजेरी आणि शिबिर नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. ज्यांना सैन्यात अधिकारी व्हायचे आहे, त्यांच्यासाठी ‘सी’ प्रमाणपत्र किमान ‘बी’ श्रेणीत आणि पदवी किमान ५० टक्के गुणांनी मिळवलेली असेल, तर एनसीसी विशेष प्रवेश योजनेतून लेखी परीक्षेशिवाय थेट मुलाखत मंडळासमोर जाण्याची संधी आहे. बेळगाव ही मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रशिक्षण केंद्राची जागा, त्यामुळे येथील घराघरांत हा मार्ग ऐकून माहीत असतो. अटी मात्र वाचून माहीत करून घ्याव्यात.

विश्वेश्वरय्या विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांसाठी सामाजिक उपक्रमांचे गुण पदवीशीच जोडलेले आहेत: नियमित प्रवेश असल्यास १०० आणि डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश असल्यास ७५. त्यांनी प्रत्येक उपक्रमाचा अहवाल आणि छायाचित्रे त्या-त्या सत्रातच मार्गदर्शक प्राध्यापकांकडे द्यावीत.

स्वतःचे मंडळ सुरू करायचे असल्यास

महाविद्यालयात मराठी वाङ्मय मंडळ नसेल किंवा बंद पडले असेल, तर ते सुरू करण्यासाठी कोणत्याही सरकारी नोंदणीची गरज नाही. एक मार्गदर्शक प्राध्यापक, इच्छुक विद्यार्थ्यांची सह्यांसह यादी, मंडळाचा उद्देश व पदाधिकारी निवडीची पद्धत सांगणारे दोन पानांचे नियम आणि वर्षभराच्या कार्यक्रमांचा अंदाजित खर्च, एवढे प्राचार्यांना द्यावे आणि लेखी परवानगी घ्यावी. जमा होणारा पैसा शक्यतो महाविद्यालयाच्या खात्यातूनच खर्च व्हावा. विद्यार्थ्याच्या खासगी खात्यावर वर्गणी घेण्याचा मोह टाळावा.

महाविद्यालयाबाहेर, अनेक गावांतील विद्यार्थ्यांची संस्था काढायची असेल तर गोष्ट वेगळी. कर्नाटक संस्था नोंदणी अधिनियम, १९६० नुसार १८ वर्षे पूर्ण झालेल्या किमान सात व्यक्ती लागतात. संस्थेचे ज्ञापन, नियमावली, सदस्यांची ओळखपत्रे आणि संस्थेच्या पत्त्याचा पुरावा जोडून जिल्हा निबंधकांकडे अर्ज करावा लागतो आणि नोंदणीनंतर दरवर्षी कार्यकारिणीची यादी व हिशेब सादर करावे लागतात. दरवर्षीचे हे काम करायला कोणी तयार नसेल, तर नोंदणी न केलेलीच बरी.

कागदपत्रे

कोणत्याही पदासाठी किंवा योजनेसाठी बहुधा हेच कागद मागितले जातात: चालू वर्षाचे ओळखपत्र, शुल्काची पावती, मागील परीक्षेची गुणपत्रिका, जन्मतारखेसाठी दहावीची गुणपत्रिका, आधार कार्ड, आणि महाविद्यालयाचा दाखला. हा दाखला कर्नाटकात ‘स्टडी सर्टिफिकेट’ आणि कोल्हापूरकडे ‘बोनाफाईड’ म्हणून मागावा. कर्नाटकातील पदवीच्या विद्यार्थ्यांनी युयूसीएमएस या विद्यापीठे व महाविद्यालयांच्या सामायिक ऑनलाइन प्रणालीवरील आपले नाव आणि नोंदणी क्रमांक तपासून घ्यावा.

नावातील फरक ही सीमाभागातील खरी डोकेदुखी आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर नावापुढे वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, आधारवर आडनावासह पूर्ण नाव आणि कन्नडवरून इंग्रजीत उतरवताना बदललेले स्पेलिंग, असे तीन प्रकार एकाच विद्यार्थ्याच्या कागदांत सापडतात. दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव प्रमाण मानून बाकीचे कागद त्याप्रमाणे दुरुस्त करून घेणे उत्तम. तोवर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडता येते. शहराचे नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून अधिकृतपणे ‘बेळगावी’ झाले असल्याने जुन्या कागदांवरील ‘बेळगाव’ हे नाव दोष ठरत नाही, कोणी हरकत घेतल्यास हे नम्रपणे निदर्शनास आणावे.

जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला कर्नाटकात नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, मिळतो. आरक्षणासाठी एका राज्याचा जातीचा दाखला सर्वसाधारणपणे दुसऱ्या राज्यात चालत नाही, हे शिवाजी विद्यापीठाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने राखीव प्रतिनिधित्वासाठी अर्ज करण्यापूर्वी लक्षात घ्यावे. महाराष्ट्र शासन आपल्या दाव्यातील ८६५ गावांसाठी काही सवलती देते, परंतु त्या त्या-त्या शासन निर्णयापुरत्याच असतात. त्यामुळे विद्यार्थी परिषदेलाही त्या लागू होतील असे गृहीत धरू नये. कर्नाटक बोर्डातून बारावी होऊन तिकडे गेलेल्यांनी स्थलांतर प्रमाणपत्र आणि पात्रता प्रमाणपत्राचे काम पहिल्या सत्रातच उरकावे, कारण पात्रता निश्चित होईपर्यंत प्रवेश तात्पुरता मानला जातो आणि तात्पुरत्या प्रवेशावरच्या उमेदवारीला हरकत घेणे सोपे असते.

अर्ज नाकारला तर

नकाराचे कारण लेखी मागावे. निवडणुकीचा वाद असेल, तर निकालानंतर तीन आठवड्यांच्या आत निवडणूक तक्रार निवारण कक्षाकडे जावे. इतर बाबींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार असलेल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे अर्ज करावा. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायचा असतो आणि तो मान्य नसल्यास मिळाल्यापासून १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येते. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार गाऱ्हाण्याचे निवेदन संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, म्हणून मराठीत लिहिलेले निवेदन शासकीय अधिकाऱ्याला केवळ भाषेच्या कारणावरून परत करता येणार नाही. तरीही वेळेची बचत म्हणून मराठी अर्जासोबत त्याची इंग्रजी किंवा कन्नड प्रत जोडावी, दोन्हींवर एकाच दिवसाचा आवक शिक्का घ्यावा आणि मुदत त्या तारखेपासून मोजावी.