स्पर्धा आयोगाकडे माहिती कशी दाखल करावी : पात्रता, शुल्क आणि कागदपत्रे

पालिकेच्या निविदेत ठेकेदारांनी आपसांत दर ठरवून घेतले, किंवा औषध विक्रेत्यांच्या संघटनेने ‘एनओसी’ आणल्याशिवाय नव्या घाऊक विक्रेत्याला माल मिळू दिला नाही, अशा गोष्टी आपल्याकडे सर्रास बोलल्या जातात. बाजारातल्या स्पर्धेवर नजर ठेवणाऱ्या दिल्लीतल्या भारतीय स्पर्धा आयोगापर्यंत त्या लेखी स्वरूपात मात्र फार कमी वेळा पोहोचतात. आयोगाकडे अशी तक्रार करण्यालाच कायद्याच्या भाषेत ‘माहिती’ दाखल करणे म्हणतात. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम १९(१)(अ) खाली ही वाट सामान्य नागरिकालाही खुली आहे.

अर्ज कोण करू शकतो?

कोणतीही व्यक्ती, ग्राहक, ग्राहक संघटना किंवा व्यापारी संघटना. नुकसान स्वतःचेच झालेले असले पाहिजे, अशी अट नाही. ओला-उबरच्या भाड्याविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये हे स्पष्ट केले. गोव्यातल्या औषध विक्रेत्यांच्या संघटनेविरुद्ध तिथलेच औषध व्यावसायिक उभे राहिले आणि २०१२ मध्ये संघटनेला दंड झाला. डीएलएफविरुद्ध गुडगावच्या सदनिकाधारकांची संघटना गेली. २०११ मध्ये त्या कंपनीला ६३० कोटी रुपयांचा दंड ठोठावण्यात आला.

महाराष्ट्रातल्या वाचकाने पुण्याचे उदाहरण जरूर लक्षात ठेवावे. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या निविदांत संगनमत झाल्याची माहिती नागरिक चेतना मंच या स्थानिक संस्थेने आयोगाला दिली. चौकशी सुरू झाल्यावर त्यातल्या कंपन्यांनीच दंडात सवलत मिळावी म्हणून अर्ज केले, कबुली दिली, आणि मे २०१८ मध्ये आयोगाने संगनमत सिद्ध झाल्याचा आदेश दिला. एका शहरातल्या जागरूक लोकांनी कागद जमवले, म्हणून हे घडले.

कोणती तक्रार चालते?

दोन प्रकारच्या. कलम ३ खाली स्पर्धेला मारक करार येतात : दर ठरवणे, बाजार वाटून घेणे, पुरवठा रोखणे, निविदेत संगनमत. कलम ४ खाली बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर येतो. कंपनी मोठी आहे किंवा माल महाग आहे, एवढ्यावर प्रकरण उभे राहत नाही. सदोष वस्तू, न मिळालेला परतावा, बिल्डरने लांबवलेला ताबा यांसाठी ग्राहक आयोग किंवा महारेरा आहे. खूप अर्ज इथेच फसतात, म्हणून हा फरक आधी नीट तपासा.

मुदतही महत्त्वाची आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर, कारण घडल्यापासून तीन वर्षांच्या आत माहिती दाखल करावी लागते. उशिराचे सबळ कारण दिल्यास आयोग तो माफ करू शकतो.

कागदपत्रे

अर्जात तुमचे पूर्ण नाव, पिनकोडसह पत्ता, दूरध्वनी, ईमेल. ज्यांच्याविरुद्ध माहिती आहे त्यांची कायदेशीर नावे व पत्ते. घटनांचे मुद्देसूद निवेदन. कोणत्या कलमाचा भंग झाला. काय दिलासा हवा. आणि याच पक्षांमध्ये कुठल्या न्यायालयात, लवादापुढे वाद चालू असेल तर त्याचा तपशील. शेवटचा मुद्दा लपवू नका. संस्थेच्या वतीने अर्ज असेल तर अध्यक्ष किंवा सचिवाची सही घ्या आणि अधिकार दिल्याचा ठराव सोबत ठेवा. वकील नेमणे सक्तीचे नाही. स्वतः बाजू मांडता येते, किंवा वकील, सनदी लेखापाल, कंपनी सचिव, परिव्यय लेखापाल (कॉस्ट अकाउंटंट) यांना अधिकृत करता येते.

व्यक्ती, नोंदणीकृत स्वयंसेवी संस्था, ग्राहक संघटना, सहकारी संस्था किंवा न्यास यांना शुल्क ५,००० रुपये आहे. फर्म व कंपन्यांचे शुल्क मागील वर्षाच्या उलाढालीनुसार वाढते.

खरे बळ पुराव्यात असते. निविदेचे प्रकरण असेल तर महाटेंडर पोर्टलवरची निविदा सूचना उतरवून ठेवा आणि माहिती अधिकारात दरांचा तुलनात्मक तक्ता, बयाणा रकमेच्या भरण्याच्या नोंदी, निविदा उघडल्याचा अहवाल मागा. वेगवेगळ्या ठेकेदारांची बयाणा रक्कम एकाच खात्यातून गेली, निविदांत एकसारख्याच चुका आहेत, हरणारा दर वर्षानुवर्षे आळीपाळीने भरला जातो, असे काही दिसले की ते तारखांसह मांडा. संघटनेच्या दबावाची बाब असेल तर परिपत्रके, पत्रे, व्हॉट्सॲप संदेश जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र आणि मराठी कागदांसोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे वाटेल. आयोगाच्या मर्यादा पाहिल्या की ते कळते. आयोगाची स्थापना २००३ ची, पण न्यायालयीन आव्हान आणि २००७ ची दुरुस्ती यांमुळे कलम ३ व ४ ची अंमलबजावणी २० मे २००९ पासून सुरू झाली. ऑक्टोबर २०२२ मध्ये अध्यक्ष निवृत्त झाले आणि मे २०२३ पर्यंत पूर्णवेळ अध्यक्षच नव्हते. तीन सदस्यांची गणपूर्ती होत नसल्याने कामकाज अडले. माणसे मर्यादित आणि देश अवाढव्य, अशा संस्थेचे हात बळकट करायचे तर रिकाम्या जागा वेळेवर भरायला हव्यात, तपासात अर्थतज्ज्ञ हवेत. पण पहिल्या वाचनातच प्रकरण उभे राहील असा अर्ज देणे हे मात्र आपल्या हातात आहे.

दाखल केल्यावर

आयोगाचे सचिव कार्यालय त्रुटी कळवते. त्या दिलेल्या मुदतीत दूर करा. प्रथमदर्शनी प्रकरण दिसले तर आयोग कलम २६(१) खाली तपासाचे काम पाहणाऱ्या महासंचालकांना तपासाचा आदेश देतो. दिसले नाही तर प्रकरण २६(२) खाली बंद होते. तपासाला वर्षे लागू शकतात. मधल्या काळात मोठे नुकसान होण्याचा धोका असेल तर कलम ३३ खाली अंतरिम आदेश मागता येतो.

नाव गुप्त ठेवण्याची लेखी विनंती अर्जासोबतच करा. लहान पुरवठादारांनी तर ती करावीच, कारण ज्यांच्याविरुद्ध माहिती द्यायची त्यांच्याकडूनच माल घ्यायचा असतो. मात्र नाव उघड करणे आवश्यक आहे असे आयोगाचे मत झाले, तर तुमचे म्हणणे ऐकून तो तसे करू शकतो. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास कलम ४५ खाली १ कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

प्रकरण बंद झाल्यास ६० दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा अपिलीय न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. आयोग दोषींकडून वसूल करतो तो दंड तुमच्या हाती येत नाही. झालेल्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर कलम ५३एन खाली त्याच न्यायाधिकरणाकडे वेगळा अर्ज करावा लागतो.