पार्श्वभूमी : गोठ्यातली धूळ आणि मुलांची ॲलर्जी

परागकणांचा सर्वांत जास्त संबंध येतो तो शेतकऱ्यांचा, तरीही त्यामुळे होणाऱ्या शिंका-सर्दीचा त्रास शहरी, सुशिक्षित मंडळींनाच अधिक, हे १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका डॉक्टरांनी नोंदवलं होतं. पुढे शंभरेक वर्षं ते निरीक्षण मागेच पडलं.

१९८९ मध्ये ब्रिटनमधला एक छोटासा लेख गाजला. मार्च १९५८ मधल्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या १७,४१४ मुलांची तेविसाव्या वर्षापर्यंतची माहिती त्यासाठी तपासली होती. मोठी भावंडं जितकी जास्त, तितकी धाकट्याला परागकणांची ही सर्दी कमी. भावंडांकडून लागणारे संसर्ग त्याला वाचवत असावेत, असा लेखकाचा तर्क होता. ‘हायजीन हायपॉथिसिस’ म्हणतात ती, म्हणजे स्वच्छतेमुळे लहानपणीचे संसर्ग घटले म्हणून ॲलर्जी वाढली ही कल्पना, इथूनच पुढे आली.

जर्मनीच्या एकीकरणानंतर मिळालेला पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो. पूर्वेकडच्या लाइप्झिग-हाले भागात कोळशाचा धूर, प्रदूषित हवा. पश्चिमेला म्युनिक त्या मानाने स्वच्छ. ॲलर्जी पूर्वेकडे जास्त निघेल, अशीच सगळ्यांची अटकळ होती. निघालं उलटं. पूर्वेकडची मुलं तान्ही असतानाच पाळणाघरात जात, म्हणजे इतर मुलांकडून त्यांना संसर्गही लवकर लागत. तिथल्याच एका पाहणीत, लहान कुटुंबातली जी मुलं वर्षाच्या आत पाळणाघरात गेली त्यांच्यात ॲलर्जी कमी आढळली.

खरा घोळ झाला तो ‘हायजीन’ या शब्दामुळे. हात धुणं, फरशी पुसणं यांवरच लोकांनी खापर फोडलं. मूल आजारी पडलं की प्रतिकारशक्ती पक्की होते, हा समजही त्यातूनच बळावला आणि तो घातक आहे. गोवर होऊन गेल्याने ॲलर्जी टळते, याला भक्कम आधार मिळालेला नाही. सर्दीचे काही विषाणू तर दम्याचा झटका आणतात. लस न देण्याने ॲलर्जी कमी होते, हेही सिद्ध झालेलं नाही. म्हणूनच २००३ मध्ये ‘जुने मित्र’ ही वेगळी मांडणी पुढे आली : माती, जनावरं आणि आपलं आतडं इथले निरुपद्रवी जीवाणू, शिवाय माणसाच्या सोबतीला फार पूर्वीपासून असलेले काही जंत, हे प्रतिकारशक्तीला कुठे आवरायचं ते शिकवतात. रोग पाडणारे जंतू या यादीत नाहीत. हा फरक तेव्हाच ठासून सांगितला गेला असता, तर हात धुण्याची नाहक बदनामी टळली असती.

आल्प्सच्या परिसरातल्या अभ्यासांनी हीच दिशा धरली. पहिल्या वर्षातच गोठ्यात वावरलेल्या आणि घरच्या गाईचं दूध प्यायलेल्या मुलांना दमा व ॲलर्जी कमी होती. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या आमिश आणि हटराइट या दोन शेतकरी समाजांची तुलना झाली. दोघांचं मूळ युरोपातलं, राहणीही बरीचशी सारखी. आमिशांचे गोठे घरालगत, हटराइटांची यांत्रिक शेती घरापासून लांब. शाळकरी मुलांमध्ये दम्याचं प्रमाण आमिशांत सुमारे ५ टक्के, हटराइटांत २१ टक्के. आमिश घरांतल्या धुळीत जीवाणूंच्या आवरणातला एंडोटॉक्सिन हा घटक जवळपास सातपट होता. ती धूळ उंदरांच्या नाकात घातल्यावर त्यांनाही दम्यापासून संरक्षण मिळालं.

कच्च्या दुधातून मात्र क्षय आणि ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून येणारा तापाचा आजार पसरू शकतात, त्यामुळे ते मुलांना द्या असं डॉक्टर म्हणत नाहीत. बेताची उष्णता देऊन रोगजंतू मारलेलं दूध बालकांना देऊन पाहण्याची चाचणी जर्मनीतल्या बव्हेरियात हाती घेण्यात आली, ती याच पेचातून.