गाभण शेळी आणि जंत : औषध कधी, कोणते, किती

शेळीपालक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

जंताचे औषध मागायला कोणी आले की आम्ही आधी विचारतो, शेळी गाभण आहे का, आणि असेल तर किती दिवसांची? घाईत असणाऱ्याला हा प्रश्न नकोसा वाटतो. पण कोणती बाटली द्यायची हे त्याच उत्तरावर ठरते. तीन महिन्यांच्या गाभण शेळीला जे औषध चालते, तेच पंधरा दिवसांच्या गाभण शेळीच्या पोटातल्या पिल्लाला जन्मभराचे व्यंग देऊ शकते.

आपल्याकडे मे-जूनमध्ये बोकड लागलेल्या शेळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात वितात. गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा, म्हणजे जवळपास अख्खा पावसाळा शेळी गाभण असते. जंतांचाही हाच हंगाम. लेंडीतून पडलेल्या अंड्यांतून उबदार ओलाव्यात आठवडाभरात अळ्या तयार होतात आणि ओल्या गवतावर चढतात. शेळीच्या पोटात गेल्यावर सुमारे तीन आठवड्यांत त्या मोठ्या होऊन स्वतः अंडी घालू लागतात.

यातला सर्वांत घातक जंत म्हणजे हिमोंकस. शेळीच्या चौथ्या पोटात राहून तो रक्त पितो. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त घेतो. ऐकायला हे काहीच नाही, पण पोटात असे हजार जंत असले तर दिवसाला ५० मिली रक्त जाते, पाच दिवसांत पाव लिटर. ३० किलोच्या शेळीच्या अंगात एकूण रक्तच दोन लिटरच्या आसपास असते. त्यात उस्मानाबादी शेळीच्या पोटात अनेकदा जुळी असतात, आणि करडांची बहुतांश वाढ शेवटच्या दीड-दोन महिन्यांत होते. वरून खुराक कितीही घातला तरी रक्तच राहिले नाही तर करडे अशक्त जन्मतात, चीक कमी येतो आणि शेळी व्याल्यावर उठत नाही.

दुसरी गोष्ट फार थोड्या जणांना माहीत असते. एरवी मोठ्या शेळीची प्रतिकारशक्ती जंतांना बरीच आवरून धरते. विण्याच्या साधारण दोन आठवडे आधीपासून व्याल्यावर दीड-दोन महिन्यांपर्यंत ही ताकद ढिली पडते. त्या काळात शेळीच्या लेंड्यांतून अंड्यांचा पूर येतो आणि त्याच जागेत करडे पहिल्यांदा गवताला तोंड लावतात. करडांचे जंत आईकडून येतात ते असे.

जंत झालेत हे ओळखायचे कसे

हगवण लागली तरच जंत, असे अनेकांना वाटते. हिमोंकसमध्ये बहुधा हगवण लागत नाही. लेंड्या चांगल्या पडत असतात आणि शेळी आतून रिकामी होत असते. म्हणून डोळा पाहा. खालची पापणी अंगठ्याने हलकेच खाली ओढा आणि आतला रंग उजेडात बघा. लालबुंद किंवा गडद गुलाबी असेल तर ठीक. फिकट गुलाबी असेल तर इतर शेळ्यांत थोडे थांबता येते, पण गाभण शेळीत थांबू नये. पांढरट असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवा. दक्षिण आफ्रिकेत यासाठी पाच रंगांचे 'फमाचा' कार्ड तयार झाले आणि आज ते जगभर वापरतात. कार्ड नसले तरी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पापणी पाहण्याची सवय लावा.

संध्याकाळी जबड्याखाली पाणी उतरल्यासारखी मऊ सूज दिसणे, कळपाच्या मागे रेंगाळणे, केस रखरखीत होणे या पुढच्या खुणा. ओढ्याकाठी, कालव्याकाठी किंवा भातखाचरात चरणाऱ्या शेळ्यांत हीच लक्षणे गोगलगायीमार्फत येणाऱ्या पर्णकृमीचीही असतात, आणि त्यांचे औषध वेगळे असते. गोचिडांनीही रक्त कमी होते. खात्री हवी असेल तर लेंडी तपासणी करून घ्या. ताज्या लेंड्या स्वच्छ पिशवीत घेऊन त्याच दिवशी थंड ठेवून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या.

कोणत्या महिन्यात कोणते औषध

अल्बेंडाझोल स्वस्त आहे, सगळीकडे मिळते आणि म्हणूनच सर्वांत जास्त चुकीचे दिले जाते. बोकड लागल्यापासून पहिला महिनाभर ते गाभण शेळीला देऊ नये. पिल्लाचे अवयव तेव्हा घडत असतात. हे औषध गर्भ मारू शकते किंवा व्यंग आणू शकते. शेळी गाभडली तर दोष दृष्ट लागण्याला किंवा पाल्याला दिला जातो आणि बाटलीचा विचारच होत नाही. आम्ही खबरदारी म्हणून पहिले दीड महिना हे औषध देत नाही. बोकड कळपातच मोकळा असेल तर कोणती शेळी कधी लागली हे कोणालाच माहीत नसते. अशा कळपाला अल्बेंडाझोल सरसकट पाजूच नका.

फेनबेंडाझोल गाभणपणात सुरक्षित मानले जाते आणि बहुतेक वेळा आम्ही तेच सुचवतो. आयव्हरमेक्टिनही पशुवैद्यक देतात. लेव्हामिसोलचा डोस थोडा जास्त झाला तरी लाळ गळते, अंग थरथरते, म्हणून विण्याच्या जवळ आलेल्या शेळीला ते स्वतःच्या मनाने देऊ नये. क्लोसँटेल हिमोंकसवर प्रभावी आहे, पण जास्त डोसाने शेळीची दृष्टी कायमची जाऊ शकते. ही तीनही औषधे पशुवैद्यकांच्या चिठ्ठीवरच घ्या.

शेळी गाभण राहण्याआधी एकदा आणि विण्याच्या सुमारे तीन आठवडे आधी एकदा, या दोन वेळा आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. दुसऱ्या वेळी आंत्रविषाराची लसही देता येते. तिची प्रतिकारशक्ती चिकातून करडांना मिळते आणि शेळीला पुन्हा धरावे लागत नाही. अगदी शेवटच्या दिवसांत ओढाताण टाळा. दर तीन महिन्यांनी सगळ्या कळपाला औषध पाजायची पद्धत आम्हाला पटत नाही, जरी त्यात आमची विक्री जास्त होते. पापणी लाल असलेल्या धडधाकट शेळ्यांना सारखे औषध पाजले की औषधाला न जुमानणारे जंतच मागे उरतात.

डोस आणि पाजण्याची पद्धत

अंदाजाने वजन धरले की बहुधा कमीच धरले जाते. काटा नसेल तर टेपने मोजा. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून बैठकीच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचात घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, हे झाले किलोतले वजन. घेर २८ आणि लांबी २७ इंच असेल तर वजन ३२ किलोच्या आसपास येते. भरल्या पोटाच्या गाभण शेळीत थोडा फरक पडतो, पण नजरेच्या अंदाजापेक्षा हे पुष्कळ बरे.

शेळीचे यकृत औषध मेंढीपेक्षा लवकर बाहेर टाकते, त्यामुळे मेंढीचा डोस तिला पुरत नाही. फेनबेंडाझोल मेंढीला किलोमागे ५ मिलिग्रॅम देतात, शेळीला पशुवैद्यक साधारण १० मिलिग्रॅम सांगतात. २.५ टक्के द्रवाच्या एका मिलीत २५ मिलिग्रॅम औषध असते, म्हणजे ३० किलोच्या शेळीला १२ मिली. हे दुपटीचे गणित इतर औषधांना लावू नका, विशेषतः लेव्हामिसोल आणि क्लोसँटेलला कधीच नाही.

पाजताना शेळीची मान वर ताणू नका, तोंड सरळ ठेवा. ओठाच्या कोपऱ्यातून सिरिंज जिभेच्या मागच्या भागावर नेऊन हळूहळू सोडा. ठसका लागला तर थांबा, औषध फुप्फुसात गेले तर शेळी न्यूमोनियाने जाते. आणि कृपा करून गाभण शेळीला औषधाआधी रात्रभर उपाशी ठेवू नका. उपाशीपोटी औषध चांगले लागते हे खरे, पण दिवस भरत आलेल्या, जुळी पोटात असलेल्या शेळीला एका रात्रीच्या उपासानेही गाभणपणातली विषबाधा (रक्तातली साखर घटून होणारा आजार) होऊ शकते आणि ती जंतांपेक्षा लवकर मारते.

औषध कमी लागावे म्हणून

दव वाळल्यावरच चरायला सोडा. बहुतेक अळ्या जमिनीपासून दोन-तीन इंचांतच असतात, म्हणून गाभण शेळ्यांना बुडापर्यंत खुरटलेल्या गवतावर न पाठवता बाभूळ, शेवरी, हादग्याचा पाला उंचावर बांधून द्या. चारा गव्हाणीतच टाका, जमिनीवर नको. पाण्याच्या भांड्यात लेंड्या पडू देऊ नका. शेवटच्या दीड महिन्यात पेंड वाढवा, कारण प्रथिने मिळाली तर शेळीचे शरीर स्वतःच जंतांशी बऱ्यापैकी लढते. विण्याची जागा कोरडी आणि झाडलेली हवी.

औषध दिल्यानंतर दूध आणि मांस किती दिवस वापरायचे नाही हे बाटलीवर छापलेले असते. ते पाळा, घरातली लहान मुले हेच दूध पितात.

औषध लागू पडले का हे पाहायचे असेल तर पाजायच्या दिवशी एकदा आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा लेंडी तपासून घ्या. अंडी किमान ९५ टक्क्यांनी घटलेली असावीत. तेवढी घटली नसतील आणि डोस बरोबर होता, तर पशुवैद्यकांना विचारून औषधाचा गट बदला. कंपनी बदलून उपयोग नाही. अल्बेंडाझोल सोडून फेनबेंडाझोल घेणे हाही बदल नव्हे, कारण ती दोन्ही एकाच गटातली आहेत.