धुराड्याचा वाटा: फायरप्लेस इन्सर्टमागचा इतिहास

भिंतीतल्या उघड्या फायरप्लेसमध्ये लाकूड जळतं, तेव्हा त्याच्या उष्णतेचा जेमतेम दहावा भाग खोलीत राहतो. बाकीची धुराड्यातून वर जाते आणि जाताना खोलीतली ऊबदार हवाही ओढून नेते. ही नासाडी थांबवण्यासाठी फायरप्लेसच्या कोनाड्यात बसणारी लोखंडी पेटी आली. तिला पुढे काचेचं दार, आत भट्टीच्या विटांचं अस्तर आणि हवा कमीजास्त करायची कळ असते. हाच इन्सर्ट. चांगला इन्सर्ट सत्तर टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात ठेवतो.

पण वर जाणारी सगळीच उष्णता वाया जात नव्हती. धूर वर चढतो तो गरम असतो म्हणून. धुराड्याचा वाटा फार कापला, तर धूर खोलीत परततो, नाहीतर वाटेतच गारठून भिंतींना चिकटतो. इन्सर्ट बसवताना आणि सांभाळताना जे काही करायला सांगतात, त्यातलं बरंचसं या एका हिशेबातून आलेलं आहे. तो हिशेब नीट उमगेपर्यंत अनेक पिढ्या गेल्या, घरं जळाली, माणसं गेली. म्हणून हा इतिहास सांगण्याजोगा वाटतो.

युरोपात फार काळ आग घराच्या मधोमध, जमिनीवरच पेटायची. धूर छपराच्या फटींतून वाट काढायचा. बाराव्या शतकाच्या सुमारास किल्ल्यांमध्ये आणि मोठ्या वाड्यांमध्ये आग भिंतीकडे सरकली, तिच्यावर धुराडं आलं. साध्या घरांपर्यंत ते पोचायला सोळावं-सतरावं शतक उजाडलं. घरातला धूर गेला, पण आगीची वाट आता घराच्या अंगातूनच, लाकडी तुळयांना खेटून जाऊ लागली. १६६६ साली लंडनमध्ये पुडिंग लेनमधल्या एका बेकरीतून पेटलेल्या आगीने शहराचा मोठा भाग खाक केला, आणि पुढच्याच वर्षी नवी घरं विटांची किंवा दगडाचीच बांधावीत असा कायदा झाला.

त्याच काळात इंग्लंडमध्ये चुलीवर कर होता. १६६२ पासून दर चुलीमागे वर्षाला दोन शिलिंग. कर चुकवण्यासाठी लोक चुली बुजवायचे, लपवायचे. ऑक्सफर्डशायरमधल्या चर्चिल गावात १६८४ साली पाव भाजणाऱ्या एका बाईने वेगळ्या चुलीचा कर नको म्हणून आपल्या भट्टीचा धूर भिंत फोडून शेजाऱ्याच्या धुराड्यात सोडला. आग लागली, वीसेक घरं गेली, चार माणसं मेली. हा कर १६८९ मध्ये रद्द झाला. आज इन्सर्टला स्वतंत्र धूरनळी लागते, दुसऱ्या शेगडीची किंवा बॉयलरची नळी तिला जोडायची नाही, असं सांगितलं की मला हे गाव आठवतं. दुसऱ्या तोंडातून गार हवा शिरते, धूर वर खेचणारी ओढ मोडते, आणि एका आगीच्या ठिणग्या दुसऱ्या घरात पोचतात.

इन्सर्टचा खरा पूर्वज १७४२ च्या सुमारास फिलाडेल्फियात जन्मला. बेंजामिन फ्रँकलिन यांनी फायरप्लेसमध्ये बसवायची बिडाची पेटी तयार केली. तिचे पत्रे त्यांचे मित्र रॉबर्ट ग्रेस यांनी आपल्या भट्टीत ओतून दिले. १७४४ मध्ये फ्रँकलिन यांनी तिची माहिती देणारी पुस्तिका छापली. गव्हर्नर थॉमस यांनी एकाधिकाराचं पेटंट देऊ केलं, तेव्हा त्यांनी ते नाकारलं. दुसऱ्यांच्या शोधांचा आपल्याला फायदा होतो, तर आपला शोधही मोकळेपणाने द्यावा, हा त्यांचा विचार. शोधक म्हणून त्यांच्याबद्दल माझा आदर या एका गोष्टीने दुणावतो.

पेटीची रचना हुशारीची होती. आत हवेचा एक कप्पा होता. धूर त्याच्या माथ्यावरून मागे जायचा, तिथून खाली उतरायचा आणि जमिनीखालच्या फटीतून धुराड्यात शिरायचा. एवढा वळसा घेताना तो आपली उष्णता लोखंडाला देऊन टाकायचा. चूक नेमकी इथेच होती. खाली उतरायला धुराला मुळात मागून जबर ओढ हवी, आणि ती मिळायला धुराडं आधीच तापलेलं हवं. गारठलेल्या सकाळी आग पेटवली की धूर सरळ खोलीत. पुढे हीच पेटी बनवणाऱ्यांनी तो उतार काढून टाकला आणि धूर सरळ वरच्या नळीतून सोडला. आज ज्याला फ्रँकलिन स्टोव्ह म्हणतात, त्यात फ्रँकलिन यांची मूळ करामत बहुधा नसतेच.

पन्नासेक वर्षांनी काउंट रम्फर्ड यांनी उलट्या टोकाने विचार केला. हेही मूळचे अमेरिकेतले, मॅसॅच्युसेट्सचे बेंजामिन थॉम्पसन. पेटी न बसवता त्यांनी फायरप्लेसचा आकारच बदलला. कोनाडा उथळ केला, बाजूच्या भिंती तिरक्या केल्या म्हणजे धग खोलीकडे परतेल, आणि धुराड्याचा घसा सुमारे चार इंचांपर्यंत अरुंद केला. १७९६ मध्ये त्यांचा यावरचा निबंध आला आणि लंडनच्या सुखवस्तू घरांत गवंड्यांना कामं मिळाली. अरुंद घशातून धुराडं साफ करणारा वर जाणार कसा, याचाही त्यांनी विचार केला होता. मागच्या भिंतीत काढता-घालता येईल असा दगड ठेवावा, असं त्यांनी सुचवलं.

वर जाणारा बहुतेक वेळा लहान मुलगा असे. इंग्लंडमध्ये कोळशाची काजळी खरवडायला पोरांना नऊ बाय चौदा इंचांच्या नळ्यांत चढवत. १७७५ मध्ये शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी या मुलांना पुढे होणाऱ्या अंडकोशाच्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. कामामुळे होणाऱ्या कर्करोगाची ही पहिली ठळक नोंद. १७८८ मध्ये किमान वय आठ ठरलं. १८४० मध्ये एकवीस वर्षांखालच्यांना चढवायला बंदी झाली. लांब दांड्याचे ब्रश तोवर आले होते, तरीही कायदा कागदावरच राहिला. १८७५ मध्ये केंब्रिजजवळ फुलबोर्न इथल्या रुग्णालयाच्या धुराड्यात जॉर्ज ब्रूस्टर हा मुलगा अडकून मेला. त्याच्या मालकाला शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी आलेल्या कायद्याने हे काम करणाऱ्यांना परवाना सक्तीचा केला. तेव्हा कुठे ही प्रथा थांबली. धुराडं दर वर्षी साफ करून घ्या, हे वाक्य आज आपण सहज वाचतो. त्या सफाईची ही किंमत मोजलेली आहे.

त्यानंतर कोळसा, तेल, गॅस आणि मध्यवर्ती हीटिंग आलं. लाकडाची आग दिवाणखान्याच्या शोभेपुरती उरली. बांधली जाणारी धुराडीही तशीच: रुंद, क्वचित कधी पेटणाऱ्या उघड्या आगीसाठी, पुष्कळदा घराच्या बाहेरच्या भिंतीला लागून.

१९७३ च्या ऑक्टोबरात तेल उत्पादक अरब देशांनी निर्यातबंदी केली आणि अमेरिकेत तेल महागलं. लोक पुन्हा लाकडाकडे वळले. घरात फायरप्लेस होतीच, तिच्यात बसणाऱ्या लोखंडी पेट्या बाजारात आल्या आणि हातोहात खपल्या. बसवायची रीत अशी: पेटी कोनाड्यात ढकलायची, कडेने चौकट लावून फट झाकायची, झालं. पेटीपासून वरपर्यंत नळी नाही. धूर पेटीच्या गळ्यातून निघायचा आणि वरच्या मोठ्या पोकळीत मोकळा सुटायचा.

इथे आकडे बोलके आहेत. पेटीचा गळा सहा इंच व्यासाचा असेल, तर त्याचं क्षेत्रफळ २८ चौरस इंच. वरचं धुराडं १२ बाय १२ इंचांचं असेल, तर १४४, म्हणजे पाचपट. एवढ्या पोकळीत धूर रेंगाळतो आणि थंड होतो. त्यात पेटी हवाबंद. रात्री सरपण भरून हवेची कळ बंद केली की लाकूड सकाळपर्यंत धुमसत राहायचं. तेल वाचायचं, घर ऊबदार राहायचं, आणि न जळलेला धूर वर जाऊन धुराड्याच्या गार भिंतीवर बसायचा. फ्रँकलिन यांच्या पेटीत धुराड्याचा वाटा कापला, तेव्हा धूर खोलीत यायचा आणि चूक लगेच कळायची. इथे ती महिनोन् महिने नजरेआड साचत राहिली.

जे साचतं त्याला क्रिओसोट म्हणतात. धुराचं तापमान साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्यातली वाफ आणि डांबरी द्रव्यं भिंतीवर उतरतात. धुराड्यात टॉर्च मारून पाहिलं तर त्याच्या तीन तऱ्हा दिसतात. पहिली भुसभुशीत काजळी. बोट लावलं की झडते, ब्रशने निघते. दुसरी काळ्या चकचकीत पापुद्र्यांची. कुरकुरते, खरवडावी लागते. तिसरी डांबर ओतून वाळल्यासारखी, काचेसारखी गुळगुळीत. तिच्यावरून ब्रश नुसता घसरतो, आणि तीच सर्वांत धोक्याची. सुमारे तीन मिलिमीटर थर दिसला की सफाई पुढे ढकलायची नाही.

हा थर पेटला की धुराड्यात हजार अंशांपुढे तापमान जातं. ऐकणारे सांगतात की धडधडत जाणाऱ्या आगगाडीसारखा आवाज येतो. कधी मात्र आवाजही होत नाही, आग आतल्या आत जळून विझते आणि धुराड्याच्या आतल्या अस्तराच्या मातीच्या नळ्यांना तडे ठेवून जाते. घरच्यांना पत्ताच नसतो. पुढच्या वेळी पेटलं की ज्वाळा त्या तड्यांतून मागच्या लाकडापर्यंत पोचतात. वर्षानुवर्षं धग सोसलेलं लाकूड बदललेलं असतं. ताजं लाकूड जितक्या उष्णतेला पेट घेईल, त्याहून कमी उष्णतेला ते पेटतं.

म्हणूनच ढकलून बसवलेल्या पेट्यांची रीत मोडीत निघाली. अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनच्या २११ क्रमांकाच्या मानकात पेटीच्या गळ्याची आणि धूरनळीच्या क्षेत्रफळाची सांगड घालून दिली आहे. धुराडं घराच्या आतून जात असेल तर नळी गळ्याच्या तिपटीपेक्षा मोठी नको, बाहेरच्या भिंतीला असेल तर दुपटीपेक्षा नको. बाहेरचं धुराडं लवकर गारठतं, म्हणून हा फरक. वरचं १४४ चौरस इंचांचं धुराडं दोन्ही कसोट्यांना उतरत नाही. म्हणून पेटीच्या गळ्यापासून धुराड्याच्या माथ्यापर्यंत स्टेनलेस स्टीलची अखंड नळी सोडतात. तिलाच लायनर म्हणतात. त्याभोवती उष्णतारोधक वेष्टण घातलं की धूर गरम राहतो, आणि नळीत आग लागलीच तरी भिंतीला झळ कमी पोचते. धुराड्याच्या घशातल्या जुन्या झडपेच्या जागी पत्र्याचा आडवा पडदा बसवला की पेटीमागची ऊब धुराड्यात पळत नाही. नळी टाकण्याआधी धुराड्याची कॅमेऱ्याने तपासणी करून घ्यावी. या खर्चात काटकसर करू नये, असं मी अगदी निक्षून सांगेन. फायरप्लेस विटांची नसून कारखान्यात बनलेली पत्र्याची असेल, तर तिच्यासाठी मंजूर असलेलाच इन्सर्ट चालतो.

दुसरा बदल धुरामुळेच झाला, पण बाहेरच्या हवेसाठी. डिसेंबर १९५२ मधल्या लंडनच्या विषारी धुक्यानंतर ब्रिटनने १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा केला, तो मुख्यतः कोळशाच्या धुराविरुद्ध. लाकडाच्या शेगड्यांवर अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९८८ मध्ये देशभर मर्यादा घातली. १९९० पासून ती अशी होती: उत्प्रेरक (धूर कमी तापमानातही जाळायला मदत करणारा भाग) नसलेल्या शेगडीला तासाला ७.५ ग्रॅम कण, असलेल्या शेगडीला ४.१. मे २०२० पासून ठरावीक चाचणीत ही मर्यादा २ ग्रॅम झाली. अशा मर्यादा पाळण्यासाठी पेटीच्या माथ्याशी भोकं पाडलेल्या नळ्या आल्या. त्यांतून तापलेली हवा सुटते आणि धुरातले वायू पेटीतच पेटतात. काचेतून पाहिलं तर ज्वाळा लाकडावर नाही, छताशी तरंगताना दिसतात. जो धूर पूर्वी क्रिओसोट झाला असता, तो इथे ऊब देऊन जातो.

ही करामत ओल्या लाकडापुढे हरते. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणीच असू शकतं, आणि ते उकळून घालवण्यात आगीची ताकद जाते. ओलावा वीस टक्क्यांच्या आत हवा. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून थोड्या प्रमाणात विकायच्या लाकडालाही हीच अट आहे. फोडून, वरून झाकून, बाजू मोकळ्या ठेवून रचलेलं सरपण वाळायला वर्ष लागतं, ओकसारख्या लाकडाला दोन. ओलावा मोजायचा तो ओंडका नव्याने फोडून आतल्या बाजूला. साल वाळलेली दिसते, गाभा फसवतो. काच रोज काळी पडत असेल तर सरपण ओलं आहे किंवा हवा कमी पडते आहे, आणि काचेवर जे दिसतं तेच वर नळीतही बसतं आहे.

दार हवाबंद करणारं कडेचं दोरीसारखं गॅस्केट कागदाच्या चिटोऱ्याने तपासता येतं. चिटोरा दारात धरून दार लावायचं आणि ओढायचा. सहज निघाला तर गॅस्केट बदलायची वेळ झाली. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत काढून घरापासून दूर, न जळणाऱ्या जागी ठेवायची, कारण राखेखाली निखारा कित्येक दिवस जिवंत राहतो. वरून बोट लावून ती थंड वाटली म्हणून पुठ्ठ्याच्या खोक्यात भरायची नाही. आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. या वायूला वास नसतो. इंग्लंडमध्ये २०१० पासून घन इंधनाची शेगडी बसवताना तो सक्तीचा आहे. आजची घरं पूर्वीपेक्षा घट्ट बांधलेली असतात. स्वयंपाकघरातला पंखा जोरात चालू असला तर तो धुराड्यातूनच हवा खाली ओढू शकतो.

इन्सर्ट बसवताना जुनी झडप काढावी लागते, कधी कोनाड्यातल्या विटाही छाटाव्या लागतात. म्हणून अमेरिकेत बऱ्याच इन्सर्टसोबत एक छोटी धातूची पाटी येते. ती कोनाड्याच्या आत, पेटी काढली की दिसेल अशी ठोकायची असते. इन्सर्टसाठी या फायरप्लेसमध्ये बदल केलेले आहेत, पुन्हा उघडी आग पेटवण्याआधी जाणकाराकडून तपासून घ्या, असा मजकूर तिच्यावर असतो. ती ठोकणारा आणि वाचणारा यांची कधी भेट होत नाही.